रस्त्यावरील अपराध, त्यांचा दंड आणि त्यांचें दप्तर

जुन्या कागदांचा शोध करणाऱ्यांच्या दृष्टीस तह, सनदा, महजर आणि निवाडपत्रें हीं प्रथम भरतात, आणि तें योग्यच आहे. परंतु सामान्य रयतेस सरकारचें तोंड ज्या कागदांत प्रत्यक्ष दिसे तो कागद याहून फार लहान असे. कोणा शिपायानें घाईनें चार ओळी लिहिलेल्या, कोणा कारकुनानें खालीं दंडाचा आंकडा घातलेला, आणि दंड एकदां भरल्यावर कोणीही जपून न ठेविलेला असा तो कागद. रस्त्यावरून जाण्याचे, गाडी हांकण्याचे आणि वाहन उभें करण्याचे नियम मोडल्याबद्दल शहरच्या खालच्या न्यायालयांत जीं प्रकरणें चालतात त्यांचे कागद याच जातीचे होत. अशा प्रकरणांचा निकाल पूर्वीं कसा होई, आज कसा होतो, आणि मधल्या काळांत माणसाची जागा कागदानें कशी घेतली, हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे. विषय क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. पण ज्यानें आयुष्यांत एकदाही न्यायासनासमोर पाऊल ठेविलें नाहीं अशा गृहस्थासही न्यायालयाचा जो एकुलता एक परिचय घडतो तो बहुधा याच दारानें घडतो, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आरंभ शब्दांपासून करणें सोईचें होईल. रस्त्यावरच्या शिपायानें दिलेल्या कागदास आज सर्वत्र 'चलान' म्हणतात. हा शब्द उत्तरेकडील दफ्तरी भाषेंतून आलेला आहे आणि त्याचा मूळ अर्थ रवानगी असा आहे. माल, खजिना किंवा कैदी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं धाडणें म्हणजे चलान, आणि त्या सोबत जाणारी यादीही चलानच. पोलिसांनीं एखाद्याचें 'चलान केलें' म्हणजे त्यास कागदांसह मॅजिस्ट्रेटकडे रवाना केलें, इतकाच त्याचा अर्थ होता. आमच्याकडे सरकारी तिजोरींत रक्कम भरतांना जो कागद जोडावा लागतो त्यास 'चलन' म्हणतात. त्याचें कूळ तेंच, पण रवानगी पैशाची. आज 'चलान भरलें' असें आपण म्हणतों तेव्हां हे दोन्ही शब्द एकांत एक मिसळलेले असतात. पहिल्या अर्थानें माणूस न्यायालयाकडे जातो, दुसऱ्या अर्थानें पैसा तिजोरीकडे जातो. या विषयाचा बराचसा इतिहास या दोन अर्थांमधल्या अंतरांत सांठविलेला आहे.

दुसरा शब्द 'गुन्हेगारी'. आज त्याचा अर्थ गुन्हे करण्याची प्रवृत्ति असा होतो. मराठी राज्याच्या हिशेबांत मात्र गुन्हेगारी हें जमेच्या बाजूचें सदर होतें. अपराध्याकडून वसूल केलेला दंड म्हणजे गुन्हेगारी. वादांतही जिंकणारा हरकी किंवा शेरणी देई आणि हरणारा गुन्हेगारी देई. न्याय मागावयास आलेले दोघेही कांहीं तरी ठेवूनच घरीं जात असत. ज्यास बोलावणें धाडलें त्यानें बोलावणें आणणाऱ्या शिपायाचा खर्चही द्यावयाचा, त्याचें नांव 'मसाला'. बोलावण्याची तारीख चुकविली तर दुसरा शिपाई व दुसरा मसाला. समन्स घेऊन आलेल्या हवालदारास चहापाणी देण्याची चाल या मसाल्याच्याच वंशांतली असावी, असें आमचें मत आहे. त्यास पुरावा मात्र देतां येत नाहीं.

पुणें शहरांत या सर्वांचें स्थान कोतवालाची चावडी. कोतवालाकडे केवळ चोरांचा बंदोबस्त नव्हता. बाजारभाव, वजनेंमापें, घरांच्या व जमिनींच्या खरेदीविक्रीची नोंद, शहरांत येणाऱ्याजाणाऱ्या माणसांवर नजर आणि पेठांतील तंटे इतकीं कामें त्याजकडे होतीं. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेले पेशव्यांच्या रोजनिशींतील उतारे ज्यांनीं चाळले आहेत त्यांस अशा दंडांच्या नोंदी परिचित आहेत. घाशीराम कोतवालाचें नांव तो १७९१ सालीं ज्या रीतीनें मारला गेला त्यामुळें सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्याच्या कचेरींत रोज सकाळीं काय चालत असे, इकडे लक्ष फार थोड्यांनीं दिलें आहे.

रस्त्यावर असणें हाच अपराध, अशी एक वेळ मात्र पुण्यांत रोज येत असे. रात्रीं दहाची तोफ झाली कीं शहरांत फिरणें बंद. त्यानंतर जो सांपडेल त्यास गस्तकरी रात्रभर अडकवून ठेवीत आणि सकाळीं कोतवालापुढें उभा करीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या नोकरींत असलेला विल्यम टोन हा आयरिश अंमलदार लिहितो कीं, या नियमाचा अंमल इतका कडक होता कीं भलत्या वेळीं बाहेर आढळल्याबद्दल खुद्द पेशव्यांसही एकदां सारी रात्र कैदेंत काढावी लागली. टोनची ही हकीकत ऐकीव असण्याचा संभव आहे, आणि एकट्या परकी साक्षीदारावर इमारत उभी करूं नये हा नियम आम्हांसही मान्य आहे. तथापि ती हकीकत शहरांत सांगितली जात होती, एवढें तरी तीवरून सिद्ध होतें. रस्त्याचा नियम राजासही लागू, ही कल्पना लोकांस असंभाव्य वाटत नव्हती, हाच त्यांतला ऐतिहासिक अंश समजावा.

या पद्धतींत कागद अगदीं थोडा होता. पकडणारा, पकडलेला आणि निवाडा करणारा हे तिघे समोरासमोर असत. बोलणें तोंडी होई, आणि शेवटीं जमाखर्चांत एक ओळ पडे. त्या ओळींत अपराध्याचें नांव असे, पेठ असे आणि रक्कम असे. तो काय म्हणाला हें बहुधा नसे.

इंग्रजी अमलांत प्रथम बदल झाला तो मुंबईंत. १८१२ सालीं त्या बेटाच्या पोलिसव्यवस्थेची नवी मांडणी झाली तेव्हां लहान अपराधांसाठीं 'कोर्ट ऑफ पेटी सेशन्स' स्थापन झालें. पुढें त्याची जागा पोलीस मॅजिस्ट्रेट व नंतर प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट यांनीं घेतली. एस्प्लनेड, गिरगांव, माझगांव येथील कोर्टें मुंबईकरांस याच नात्यानें ठाऊक झालीं. भाड्याच्या गाड्यांसाठीं मुंबईनें १८६३ सालीं स्वतंत्र कायदा केला, व त्याच्या जागीं १९२० सालीं दुसरा आला. या कायद्यांनीं व्हिक्टोरियावाल्यास परवाना दिला आणि त्याचबरोबर त्याच्यावर क्रमांकही लादला. पळून जाणाऱ्या गाडीचा क्रमांक ध्यानांत ठेवावयाचा, हांकणाऱ्याचें तोंड ध्यानांत ठेवण्याची जरूर नाहीं, ही आज इतकी स्वाभाविक वाटणारी गोष्ट तेव्हां नवी होती.

सर्व देशास लागू होणारें कलम १८६० च्या दंडसंहितेंत आलें. सार्वजनिक रस्त्यावर मनुष्याच्या जीवितास धोका पोंचेल इतक्या अविचारानें किंवा हयगयीनें वाहन हांकणें अथवा स्वारी करणें याबद्दल २७९ व्या कलमानें सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. त्यांतील 'स्वारी' हा शब्द घोड्यास उद्देशून आहे. मोटार तेव्हां कोणाच्या स्वप्नांतही नव्हती. असें असून टांगेवाला, मोटारवाला आणि भरधाव ट्रक चालविणारा या सर्वांस तेंच कलम पुरून उरलें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेंत त्याचा क्रमांक २८१ झाला, शब्द मात्र जवळजवळ तेच राहिले. कायद्याच्या भाषेचें आयुष्य वाहनांच्या आयुष्याहून किती दीर्घ असतें हें यावरून दिसेल.

आतां मुख्य साधनाकडे वळूं. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत २६० व त्यापुढील कलमांनीं संक्षिप्त चौकशीची रीत घालून दिली. दोन किंवा अधिक मानसेवी मॅजिस्ट्रेट मिळून बसलेल्या बेंचासही रस्त्यावर बेफाम हांकण्याचा गुन्हा, नगरपालिकेच्या कायद्याखालील गुन्हे आणि तत्सम लहान प्रकरणें या रीतीनें निकालांत काढण्याचा अधिकार देतां येई. ज्या निकालावर अपील नाहीं त्यांत साक्षीपुरावा लिहून घेण्याचें कारण नव्हतें, आणि संक्षिप्त चौकशींत केवळ दोनशें रुपयांपर्यंत दंड झाल्यास त्यावर अपील नसे. म्हणजे दिवा न लावतां टांगा हांकणाऱ्याच्या खटल्यांत शिपाई काय बोलला, साक्षीदार काय बोलला, यांतलें एक अक्षरही कागदावर उतरण्याची सक्ति नव्हती. सक्ति होती ती फक्त एका नोंदवहीची. तींत अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्याद आल्याची तारीख, फिर्यादीचें नांव, आरोपीचें नांव, बापाचें नांव व राहण्याचें ठिकाण, सांगितलेला व शाबीत झालेला गुन्हा, आरोपीचा जबाब, निष्कर्ष व शिक्षा झाल्यास थोडक्यांत कारणें, शिक्षेचा हुकूम, आणि प्रकरण संपल्याची तारीख इतकें लिहावें लागे. एका प्रकरणास एक आडवी ओळ. कोतवालीच्या जमाखर्चांतल्या ओळीचाच हा विस्तार म्हणतां येईल. परंतु दोहोंत एक भेद फार महत्त्वाचा आहे. या नव्या ओळींत आरोपीच्या जबाबास स्वतंत्र रकाना मिळाला.

त्या रकान्याविषयीं थोडें अधिक सांगावयास पाहिजे, कारण संग्राहकांच्या दृष्टीनें सर्व मोल त्यांतच आहे. समन्साच्या खटल्यांत रीतसर आरोपपत्र तयार करीत नाहींत. आरोपी समोर आला कीं त्यास आरोपाचा सारांश सांगावयाचा आणि गुन्हा कबूल आहे कीं बचाव करावयाचा आहे, असें विचारावयाचें. त्यानें कबुली दिली तर ती शक्य तितकी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असा १८९८ च्या कायद्याचा स्पष्ट हुकूम होता. तोच १९७३ च्या कायद्यांत २५२ व्या कलमांत राहिला. 'त्याच्याच शब्दांत' ही आज्ञा किती मोठी आहे याची कल्पना भाषेचा अभ्यास करणाऱ्यांस यावी. टांगेवाला, बैलगाडीवाला, भाजीची पाटी रस्त्याच्या कडेला मांडून बसलेली बाई, सायकलवर पाठीमागें मित्रास बसवून नेणारा कॉलेजांतला पोरगा, यांचें बोलणें त्यांच्या शब्दांत टिपून ठेवण्याची आज्ञा देणारा दुसरा कोणता ग्रंथ आहे? व्यवहारांत कारकून 'गुन्हा कबूल' एवढेंच लिहून मोकळा होई, हें खरें. रोज शेंपन्नास प्रकरणें असलीं कीं याहून अधिक अपेक्षा करणेंही अन्यायाचें. पण जेथें कोठें एखाद्या उत्साही वा चिडलेल्या कारकुनानें अधिक लिहिलें असेल तेथें आपणांस जें सांपडेल तें अन्यत्र सांपडणार नाहीं.

पुण्यास या प्रकरणांचें स्वरूप सायकलीनें ठरविलें. विसाव्या शतकाच्या मध्यास हें शहर सायकलींचें म्हणून प्रसिद्ध होतें. सूर्यास्तानंतर दिवा नसणें आणि डबलसीट जाणें हे तेव्हांचे ठरलेले अपराध. सायकलीवर नगरपालिकेचा कर असे व तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला मिळे. हे बिल्ले नाण्यांच्या संग्राहकांनीं अलीकडे जमविण्यास आरंभ केला आहे. ज्या दंडाच्या भीतीनें तो बिल्ला लावला जाई त्या दंडाची पावती जमविण्याचें मात्र फार थोड्यांस सुचलें आहे.

ज्यापुढें हीं प्रकरणें चालत तो अधिकारी कोण, हेंही पाहिलें पाहिजे. जुन्या मुंबई इलाख्यांत तालुक्याच्या ठिकाणीं मामलेदार हाच मॅजिस्ट्रेटही असे. सकाळीं सारा वसूल करणारा हात दुपारीं दंड ठोठावी. कोतवालाच्या काळापासून महसूल आणि न्याय यांची जी गांठ पडलेली होती ती इंग्रजांनीं सैल केली, पण सोडविली नाहीं. मुंबई राज्यानें १९५१ सालीं यासाठीं कायदा केला, आणि १ जुलै १९५३ पासून न्यायाचें व अंमलबजावणीचें काम वेगळें झालें. पुढें १९७३ च्या संहितेप्रमाणें १ एप्रिल १९७४ पासून मोठ्या शहरांत महानगर दंडाधिकारी आणि अन्यत्र न्यायदंडाधिकारी आले. मानसेवी बेंचें इतिहासजमा झालीं. त्यांत बसणाऱ्या शेटसावकारांची थट्टा पुष्कळ झाली आहे. परंतु आरोपीची पेठ, त्याचें घराणें आणि त्याचा बैल ओळखणारा न्यायाधीश त्यांच्यासवें गेला, हेंही नमूद करणें प्राप्त आहे.

मोटारीनें जो फरक पाडला तो वेगाचा, आणि वेग ही सिद्ध करण्यास कठीण गोष्ट. इंग्लंडांत २८ जानेवारी १८९६ रोजीं केंट परगण्यांतील पॅडक वुड या गांवीं वॉल्टर आर्नल्ड नांवाच्या मोटार-व्यापाऱ्यास ताशीं दोन मैलांची मर्यादा असतां आठ मैलांच्या वेगानें गेल्याबद्दल पकडण्यांत आलें. शिपायानें त्याचा पाठलाग सायकलीवरून केला. टनब्रिजच्या न्यायासनानें त्यास वेगाबद्दल एक शिलिंग दंड केला. शिवाय इतर आरोपांचा दंड व खर्च निराळा. अतिवेगाबद्दल मोटारवाल्यास झालेली ही पहिली शिक्षा समजतात. यानंतर पोलिसाचा अंदाज कितपत विश्वसनीय हा वाद तिकडे इतका वाढला कीं १९०३ च्या तेथील मोटारीच्या कायद्यांत, वेगाविषयीं केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कोणासही दोषी ठरवूं नये, असें घालावें लागलें.

तें तत्त्व आमच्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत आलें आणि १९८८ च्या कायद्याच्या १८३ व्या कलमांतही टिकलें. एकाच साक्षीदाराचें मत पुरेसें नाहीं. तें यंत्रानें काढलेल्या मापावर आधारलेलें असेल तरच पुरेसें. इतिहाससंशोधकांस या नियमाची गोडी वाटल्यावांचून राहणार नाहीं. एका बखरीवरून लढाईचा निकाल लावणाऱ्यांस आपण जें सांगत आलों तेंच पार्लमेंटानें शिपायास सांगितलें. आणखी एक सवलत अशी कीं, वेगाच्या व धोकादायक हांकण्याच्या गुन्ह्यांत जागच्या जागीं खटल्याची ताकीद दिलेली नसल्यास चौदा दिवसांत गुन्ह्याचें स्वरूप, वेळ आणि स्थळ सांगणारी नोटीस, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स पोंचलें पाहिजे. मागाहून कधींतरी आठवण येऊन कोणी खटला भरूं नये, हा त्यांतील हेतु उघड आहे.

परंतु १९३९ च्या कायद्यांतील सर्वांत दूरगामी कलम हें नव्हे. तें १३० वें. त्या कलमानें सांगितलें कीं कांहीं ठराविक गुन्ह्यांखेरीज इतर गुन्ह्यांत न्यायालयानें समन्सावरच लिहावें कीं आरोपीनें स्वतः येण्याचें कारण नाहीं, तो वकिलामार्फत हजर होऊं शकतो. किंवा सुनावणीच्या पूर्वीं नेमलेल्या तारखेच्या आंत नोंदणीकृत टपालानें गुन्हा कबूल असल्याचें कळवून न्यायालय सांगेल ती रक्कम पाठवूं शकतो. रक्कम पंचवीस रुपयांहून अधिक असूं नये. इतकें केल्यावर पुढील कारवाई बंद. १९८८ च्या कायद्यांत या कलमाचा क्रमांक २०८ झाला, पंचवीस रुपयांची मर्यादा गेली आणि त्या गुन्ह्याच्या कमाल दंडाची मर्यादा आली. शिवाय एक मौजेची सुधारणा झाली : पैसे मनिऑर्डरीनें पाठवावेत आणि कबुली मनिऑर्डरीच्या कूपनावरच लिहावी. ज्या कूपनावर मुंबईचा गिरणी-कामगार कोंकणांत 'सर्व खुशाल, काळजी करूं नये' असें लिही, त्याच दोन बोटें रुंद जागेंत नागरिकानें आपला अपराध मान्य करावयाचा.

आमच्या मतें या विषयाच्या इतिहासांत इतका मोठा बदल आधीं झाला नाहीं आणि नंतरही झाला नाहीं. न्यायालयापुढें न येतां दोषी ठरण्याचा हा मार्ग प्रथम रस्त्यानें काढला, आणि सामान्य फौजदारी कायद्यानें तो मागाहून स्वीकारला. १९७३ च्या संहितेंत २०६ वें कलम आलें तें किरकोळ गुन्ह्यांत टपालानें किंवा माणसाबरोबर कबुली व दंड पाठविण्याची मुभा देतें. परंतु त्यांतून मोटार कायद्याचे गुन्हे वगळले आहेत, कारण त्यांची सोय आधींच झालेली होती. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेंतील २२९ वें कलम हीच परंपरा चालवितें. ही व्यवस्था दयाळूपणाची आहे यांत शंका नाहीं. सोलापूरच्या ट्रकवाल्यानें पुण्यास एकदां दिवा न लावल्याबद्दल तीन तारखांस खेपा घालाव्या आणि दंडाच्या चौपट रक्कम एस्‌. टी.वर घालवावी, यांत न्याय कोठला? तथापि 'त्याच्याच शब्दांत' ही आज्ञा याच ठिकाणीं निरर्थक झाली. कबुली राहिली, बोलणारा गेला.

ज्यास गुन्हा कबूल नाहीं त्याची वाट मात्र जुनीच राहिली, आणि ती लांबची आहे. त्यानें समन्साच्या तारखेस हजर व्हावें, आरोपाचा सारांश ऐकावा आणि नकार द्यावा. मग सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावर. ज्या शिपायानें चलान केलें त्यानें येऊन साक्ष द्यावी, आरोपीनें त्याची उलटतपासणी करावी, यंत्राचें माप असल्यास तें यंत्र बरोबर चालत होतें कीं नाहीं हें विचारावें. आरोपीनें नकार दिला असतां संक्षिप्त चौकशींतही पुराव्याचा सारांश व थोडक्यांत कारणें लिहिलीं पाहिजेत, असें १९७३ च्या संहितेनें ठरविलें. म्हणून दप्तराच्या दृष्टीनें पाहतां भांडणाऱ्या आरोपीनेंच इतिहासावर उपकार केले आहेत. कबूल करणाऱ्याची एक ओळ, नाकारणाऱ्याचीं दोनचार पानें. शिपाई सिग्नलच्या कोणत्या बाजूस उभा होता, झाडाची फांदी पाटीवर आली होती कीं नाहीं, चौकांत तेव्हां कोणतें दुकान होतें, हा सर्व तपशील त्या पानांतच सांपडावयाचा. शहराच्या नकाशांत जें उतरत नाहीं तें उलटतपासणींत उतरतें.

अशीं माणसें थोडीं. बहुतेक जण न्यायालयाच्या पायरीपर्यंत येतच नाहींत, कारण २०० व्या कलमाखालीं नेमलेल्या अधिकाऱ्याजवळच तडजोडीची रक्कम भरून प्रकरण मिटवितां येतें. येथें कबुली किंवा नकार असा प्रश्नच उरत नाहीं. रक्कम दिली, पावती घेतली, संपलें. गुन्हेगारी हें जमेचें सदर होतें त्या काळच्या रीतीशीं या व्यवहाराचें साम्य पाहून जुन्या कारकुनास आपण घरीं आल्यासारखें वाटलें असतें.

यापुढील टप्पा आपल्या डोळ्यांदेखतचा. दंडाच्या रकमा २०१९ च्या दुरुस्तीनें पुष्कळ वाढल्या. ज्या गुन्ह्यास निराळी शिक्षा सांगितलेली नाहीं त्याचा पहिल्या वेळचा दंड शंभरावरून पांचशें रुपयांपर्यंत गेला. चौकांतल्या कॅमेऱ्यानें घेतलेलें छायाचित्र हीच फिर्याद झाली, आणि अशी नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी असें २०२१ सालीं नियमांत घालण्यांत आलें. ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं नागपूर जिल्ह्यांतील काटोल येथें वाहतुकीच्या प्रकरणांसाठीं आभासी न्यायालयाचें उद्घाटन तेव्हांचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्तें झालें. तेथें कागद नाहीं, पायरी नाहीं, पट्टेवाल्याची हांक नाहीं. लोकअदालतींत थकलेलीं चलानें तडजोडीनें मिटवितात. तेथें पूर्वींच्या राजीनाम्याचा कांहीं वास येतो, कारण जुन्या पंचायतींतही दोन्ही पक्षांची संमति घेतल्याशिवाय काम पुढें जात नसे. मात्र एक गोष्ट लोकांस फारशी ठाऊक नसते. ज्या गुन्ह्यास फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयानें सहा महिन्यांच्या आंत घेतली पाहिजे, अशी मुदत १९७३ च्या संहितेनें घालून दिली. विलंबाचें समाधानकारक कारण असल्यास किंवा न्यायासाठीं जरूर वाटल्यास न्यायालयास ती वाढवितां येते, हें निराळें. जुन्या चलानाची आठवण दूरध्वनीवर आली म्हणजे तें चलान न्यायालयापुढें कधीं गेलें, आणि गेलें तरी कीं नाहीं, हें पाहणें हा पहिला उपाय.

आतां दप्तराचा प्रश्न. न्यायालयांतले कागद सर्वकाळ ठेवीत नाहींत. १९१७ च्या पांचव्या कायद्यानें निरुपयोगी कागदांचा नाश करण्याचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांस दिला. त्या नियमांत कागदांचे वर्ग पाडलेले असतात, आणि अगदीं थोडे दिवस ठेवावयाच्या वर्गांत हीं लहान प्रकरणें पडतात. खुनाचा खटला राहतो, वतनाचा दावा राहतो, टांगेवाल्याचा जबाब जातो. यांत कोणाचा दोष काढण्यासारखें नाहीं. जागा थोडी, वाळवी पुष्कळ. परंतु त्याचा परिणाम असा झाला आहे कीं कोतवाली काळच्या दंडाची ओळ आपणांस रुमालांत सांपडते आणि पणजोबाच्या सायकलीच्या दंडाची ओळ सांपडत नाहीं. अठराव्या शतकांतला पुणेकर रस्त्यावर काय अपराध करी हें सांगतां यावें आणि विसाव्या शतकांतला काय करी हें सांगतां येऊं नये, ही स्थिति संशोधनास शोभणारी नाहीं.

सरकारी बाजूचे कागद गेले तरी आरोपीच्या बाजूचे कांहीं उरले आहेत, आणि ते मिळविणें अद्याप शक्य आहे. दंडाच्या पावत्या जुन्या वहीखात्यांत सांपडतात, विशेषतः माल वाहून नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत, कारण हांकणाऱ्याचा दंड मालकास खर्चीं टाकावा लागे. वह्या रद्दींत जाण्यापूर्वीं 'किरकोळ' आणि 'गाडीखर्च' हीं खातीं पहावींत. समन्साच्या प्रती कुलुपाच्या पेटींत कर्जरोख्यांबरोबर आढळतात. लोकांस कोर्टाच्या शिक्क्याचें भय वाटे, म्हणून तो कागद फाडून टाकण्याचा धीर होत नसे. वकिलांच्या जुन्या कारकुनांच्या रोजनाम्यांत तारखा व नांवें मिळतात. मनिऑर्डरीच्या पावत्यांचा मात्र भरंवसा धरूं नये, कारण कबुली लिहिलेलें कूपन पैसे घेणाऱ्याकडे म्हणजे न्यायालयाकडे गेलें आणि तेथल्या इतर कागदांच्या वाटेनें नाहींसें झालें.

सर्वांत मोलाची वस्तु मोटार हांकण्याचा जुना परवाना. तो पुस्तकाच्या आकाराचा असे, आणि शिक्षा झाली असतां न्यायालयानें त्या परवान्यावरच शेरा मारावा अशी कायद्यांत तरतूद होती. तारीख, कलम, दंड आणि न्यायालय यांची नोंद व सही परवान्याच्या पानावर येई. म्हणजे जें प्रकरण न्यायालयाच्या दप्तरांतून निघून गेलें तें गाडीवानाच्या खिशांत शिल्लक राहिलें. यांत एक अडचण आहे. ठराविक वर्षें निर्दोष गेलीं कीं जुना परवाना परत करून शेऱ्याविना नवा घेण्याची सवलत कायद्यानेंच दिलेली होती, आणि शहाणे लोक ती घेत. त्यामुळें शेरे असलेले जे परवाने आज हातीं येतील ते ज्यांनीं सवलत घेतली नाहीं, किंवा ज्यांस ती लागूं होईपर्यंत पुढला अपराध घडला, अशांचे असावयाचे. त्यांवरून सर्व गाडीवानांविषयीं अनुमान काढतांना हा भेद लक्षांत घ्यावा लागेल. असा परवाना मिळाल्यास कोरीं पानेंही फाडूं नयेत. शिक्के कोणत्या क्रमानें पडले हें पुष्कळदां समोरच्या पानावर उमटलेल्या शाईवरूनच कळतें.